देवराव मिस्त्रींचा हात लागलेलं सामान

देवराव मिस्त्री एका दमात तीन शब्दांपेक्षा जास्त बोलत नसत. चौथ्या शब्दाआधी ते थांबायचे, मान जराशी वर करायचे, नाकानं हवा ओढून घ्यायचे आणि मग वाक्य पुढे सरकायचं. कापसाच्या जिनिंग कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेली, छातीत रुईची धूळ कायमची बसलेली. लहानपणी आम्ही गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायचो. मी ती सगळ्यांत हुबेहूब करायचे आणि त्याबद्दल आईच्या हातचा सणसणीत मारही मी एकटीनंच खाल्लेला आहे. मिस्त्रीकाकांना मात्र त्याचा राग नव्हता. "पोट्टीले बराबर जमते," ते आईला म्हणाले होते. मग थांबून, हवा घेऊन, "मारू नका तिले."

दिग्रसला आमच्या घरापासून चौथं घर त्यांचं. दसऱ्याच्या आधी जिनिंग सुरू व्हायची वेळ आली की त्यांच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. सगळी यंत्रं खोलून त्यांचे सुटे भाग ते एका जुन्या धोतरावर मांडायचे. मग उकिडवं बसून एकेकाला हात लावायचे, त्याचं नाव घ्यायचे, आणि तेव्हाच तो भाग परत आत जायचा. "हात लागल्याबिगर," श्वास, "आत जात नाई," हे त्यांचं ठरलेलं. एका वर्षी शेठजी हार-नारळ घेऊन ताटकळत उभे राहिले, गुरुजी घड्याळ बघायला लागले. मिस्त्रीकाकांनी मान वर केली. "मुहूर्त तुमचा, शेठ," श्वास, "मशीन माहं." शेठजी सावलीत जाऊन बसले. नारळ तासाभरानं फुटला.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाचा भाव पडला, खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, माणसं रांगेतच जेवू-झोपू लागली आणि इकडे एकेक जिनिंग बंद पडत गेलं. मिस्त्रीकाकांचं जिनिंगही एका दसऱ्याला उघडलंच नाही. पुढच्या दसऱ्यालाही नाही. सकाळी साडेसातला ते सवयीनं आंघोळ करून, पायजमा-बंडी घालून तयार व्हायचे आणि ओसरीवर बसायचे. हात गप्प राहीनात म्हणून काकूंच्या शिवणयंत्राला दर आठवड्याला तेल. ते झालं की शेजाऱ्यांच्या दारांच्या बिजागऱ्या. त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीत एकही दार कुरकुरलं नाही. मला ही गोष्ट सांगताना आजही आधी हसू येतं आणि मग कसंतरी होतं.

त्याच काळात मी प्राणिशास्त्राचं पुढचं शिक्षण घ्यायला बाहेर गेले, आणि आमच्या घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल असं काम शिकून बसले: पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं. प्रवाळ मोजायच्या एका पाहणीत माझी निवड झाली. दहा दिवस बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं-झोपायचं, दिवसातून तीनदा पाण्यात उतरायचं आणि जमिनीला पाय लावायचा नाही. टाक्या आणि कमरेची शिशाची वजनं बोटीवर मिळणार. बाकी सामान ज्याचं त्यानं न्यायचं. पुढची नोकरी या दहा दिवसांवर अवलंबून होती. ते मी घरी फोड करून सांगितलं, आणि आईनं "दहा दिवस जमीनच नाही?" एवढंच विचारून कणीक मळायला घेतली.

बाबा तहसील कचेरीत होते. कुठल्याही कागदावर आधी दुसऱ्या कुणाची तरी सही हवी, ही त्यांची नोकरीतली सवय घरातही चालायची. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही. तू सगळं सामान देवरावजींना दाखव. ते म्हणाले बराबर आहे, तर जा. नाही म्हणाले, तर विषय बंद."

मला वाटलं, जिंकले! मिस्त्रीकाका म्हणजे घरचाच माणूस. मी भली मोठी बॅग ओढत त्यांच्या ओसरीवर नेली आणि अर्ध्या तासात 'हो' घेऊन परत यायचं असं ठरवूनच टाकलं. ते 'हो' यायला सहा दिवस लागले, तेही ज्या माणसाकडून अपेक्षित होतं त्याच्याकडून आलं नाही.

काकांनी आतून ते जुनं धोतर आणलं. झटकलं, अंथरलं, चारही कोपरे सरळ केले. दोन वर्षांनी ते बाहेर निघालं होतं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. मग मी एकेक वस्तू ठेवत गेले आणि ते विचारत गेले. डोळ्यांवरचा मास्क, पायात घालायचे लांब रबरी पंख, हवा भरून तरंगायचं जाकीट, टॉर्च, वर बोटीला दिसावा म्हणून सोडायचा नारिंगी फुगा, अंगाला घट्ट बसणारा जाड काळा सूट. सूट बघून ते म्हणाले, "म्हशीचं कातडं वाटते." शेवटी रेग्युलेटर ठेवला. टाकीतली हवा याच्यातून नळीनं तोंडाशी येते आणि आपण ओढू तेवढीच मिळते, असं मी सांगितलं.

"ओढू तेवढीच?"

"हो काका. ओढली की येते, थांबलं की बंद."

त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"तिथं दुकान हाये?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"समुद्रात. एखादी रिंग गेली," श्वास, "तं कुठून आणशीन?"

"तिथे फक्त पाणी असतं, काका."

"मंग एकाले दोन."

आणि यादी सुरू झाली. मास्कचा पट्टा एकाला दोन. पंखांचे पट्टे एकाला दोन. बारीक रबरी रिंगा एकाला चार, कारण "रिंग बेइमान राह्यते." कापसाची गठाण दाबायच्या प्रेसमध्येही अशाच रिंगा असतात, त्यामुळे त्या विषयात ते माझ्या शिक्षकांनाही भारी पडले असते. रिंग दोन बोटांत धरून ताणायची, उन्हाकडे धरायची, वास घ्यायचा. तीन रिंगा त्यांनी अंगणात फेकल्या. मला त्या तिन्ही नव्यासारख्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी ते नळीवर आले. हे सामान मी एका सोडून जाणाऱ्या सीनियर मुलीकडून घेतलेलं, वापरलेलं होतं. टाकीवर बसणारा पितळी भाग मी किनाऱ्यावरच्या दुकानात नुकताच तपासून घेतला होता. तोंडाकडे जाणारी नळी मात्र कुणी पाहिली नव्हती. काकांनी तिच्या टोकावरचं रबरी टोपण मागे सरकवलं, नळी अंगठ्यावर वाकवली आणि मला जवळ बोलावलं. वाकवलेल्या जागी केसाएवढ्या बारीक भेगा होत्या.

"हे खपलं."

"अहो, महिन्यापूर्वी मी हेच वापरलं! काही झालं नाही."

"तवा नाई झालं."

"काका, सहा दिवसांवर निघायचंय. मुंबईहून नळी मागवायची, ती कधी येणार? त्या प्रेसची एखादी नळी लावून द्या ना. तुम्ही तर कशालाही काहीही बसवता!"

हे खोटं नव्हतं. सायकलच्या ट्यूबचा वायसर, ट्रॅक्टरचं बेअरिंग पिठाच्या गिरणीला, अशा त्यांच्या कितीतरी करामती गावात चालू होत्या. पण त्यांनी मान हलवली. "जुगाड जमिनीवर करावा," श्वास. "बंद पडलं तं," श्वास, "माणूस उभा राह्यते."

मी चिडले. माझं सगळं आयुष्य या माणसाच्या अंगठ्याखाली अडकलंय असं मला वाटलं, आणि जे बोलू नये ते मी बोलले. "तुम्ही समुद्र पाहिलाय तरी का कधी?"

काका रागावले नाहीत. त्यांनी नळी धोतरावर नीट सरळ ठेवली. "समुद्र नाई पाह्यला," ते म्हणाले. बराच वेळ हवा घेत राहिले. "हवेसाठी तडफडणारा माणूस," श्वास, "पाह्यला. रोज पाह्यतो. दाढी करताना."

मी तिथून उठून सरळ एसटीडी बूथवर गेले आणि मुंबईला फोन लावला. वाटेत मी रडत होते. लाज वाटली म्हणून रडत होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

नळी यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत बाबा रोज कचेरीतून आल्यावर चौथ्या घराकडे एकदा बघायचे, काका ओसरीवरून हात हलवून 'अजून नाही' असं खुणावायचे, बाबा चपला काढायचे. आई तर उघड खूश होती. तिनं दोनदा काकूंकडे वाटीभर शिरा पाठवला. लाच म्हणतात ती याहून वेगळी नसते.

पार्सल खासगी बसनं आलं. काकांनी नळी बसवली, आणि मग त्यांना हवा पाहिजे झाली. हवा घातल्याबिगर मशीन तपासलं असं म्हणायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांनी लेथवाल्याकडे बसून नळी हवेच्या यंत्राला जोडायला एक छोटा पितळी जोड स्वतः कातून आणला आणि आम्ही दोघं बसस्टँडजवळच्या रहीमभाईंच्या टायरच्या दुकानात गेलो. मी वाटभर सांगत होते की टायर भरायची हवा माणसानं ओढायची नसते, तिच्यात तेलाचा अंश असतो.

"तुले कोण सांगते?" काका म्हणाले. "मी ओढतो. माह्या छातीत," श्वास, "तेल गेलेलं बरं."

पुसदची गाडी लागायची होती, त्यामुळे तिची सगळी माणसं आमच्याभोवती गोळा झाली. काकांनी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढून टाकलं, काटा बघितला, जोड आवळला. साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना लावला. कुठेही बुडबुडा नाही. मग त्यांनी रेग्युलेटर तोंडात धरला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काहून वो मिस्त्री, हवा भरून राह्यले का?" सगळे हसले.

काकांनी श्वास घेतला. नेहमीसारखी मान वर केली होती, खांदे उचललेले होते. जोर लावायची सगळी तयारी होती. पण जोर लागलाच नाही. हवा आपली आपण आत आली. त्यांचे खांदे हळूहळू खाली उतरले. त्यांनी दुसरा श्वास घेतला, तिसरा घेतला. डोळे मिटले. मी त्यांना जन्मापासून बघत होते, पण त्यांची छाती अशी सावकाश वर-खाली होताना मी कधी पाहिली नव्हती. गाडी लागली, माणसं पळाली, तरी ते तसेच उभे.

"मिस्त्री," रहीमभाई शेवटी हळूच म्हणाले, "कॉम्प्रेसर गरम होऊन राह्यला."

काकांनी रेग्युलेटर तोंडातून काढला, बंडीच्या टोकानं पुसला आणि माझ्याकडे दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "लय सोपं हाये वो हे," एवढंच ते म्हणाले. घरापर्यंत मी त्यांचा हात धरून चालले. मोठी झाल्यावर असा हात मी कुणाचाच धरला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून तो रेग्युलेटर साबणाच्या पाण्यानं दोनदा धुऊन घेतला.

त्याच संध्याकाळी ते आमच्याकडे आले. बाबांनी खुर्ची पुढे केली. मी आईच्या मागे उभी होते.

"सामान बराबर आहे?" बाबांनी विचारलं.

"सामान बराबर हाये."

"म्हणजे जाऊ द्यायचं?"

काका बराच वेळ हवा घेत बसले. "साहेब," ते म्हणाले, "मशीनचं मी सांगतो. पोरगी तुमची हाये," श्वास, "तिचं तुम्हीच सांगा."

बाबा गोंधळले. दुसऱ्याची सही झाली की आपण सुटलो, असं ते धरून चालले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग माझ्याकडे. मला आठवतं, त्यांनी चष्मा काढला. "भीती वाटते मले," ते म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य बाबांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. काकांनी नुसती मान हलवली, त्यांना घाई नव्हती. मग बाबा म्हणाले, "जा. पण पोचल्याबरोबर फोन कर." आई आत गेली आणि भांड्यांचा जरा जास्तच आवाज यायला लागला.

बॅग मिस्त्रीकाकांनीच भरली. मी सकाळी एसटीचं आरक्षण करायला गेले होते. परत येते तो ओसरीवर काका घाम पुसत बसलेले आणि समोर उशीएवढा एक घट्ट चौकोनी गठ्ठा. सूट बॅगेत मावत नव्हता, म्हणून त्यांनी तो घडी करून गोणपाटात गुंडाळला होता, दोन फळ्यांच्या मधे घातला होता, फळीवर काकूंना आणि बाबांना उभं केलं होतं आणि गठाणीच्या पट्ट्यांनी वरून आवळून टाकला होता. तहसील कचेरीतले माझे बाबा फळीवर उभे राहिले होते! आता तो बॅगेत घातला तरी वर हातभर जागा उरत होती. "गठाण पाह्य कशी," काका म्हणाले. "दोन वर्सानं बांधली."

त्या सुटाचं कापड म्हणजे बारीक बारीक हवेचे बुडबुडे भरलेलं रबर असतं. ते दाबायचं नसतं, सैल गुंडाळायचं असतं. हे मला माहीत होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "मस्त झाली, काका."

बोटीवर गठाण सोडली तेव्हा सुटाच्या पाठीवर आणि गुडघ्यांवर पट्ट्यांचे खोल वळ उठले होते. तिथलं रबर चपटं होऊन मेलं होतं, ते परत फुगलं नाही. दिवसाच्या तिसऱ्या बुडीला त्या वळांतून गारवा आत शिरायचा आणि माझे दात वाजायचे. बोटीवरच्या एकानं मला विचारलं, या सुटावरून ट्रक गेला का? मी म्हटलं, नाही, माझ्या शेजाऱ्यांनी भरून दिलाय. बाकी एकही वस्तू दहा दिवसांत बिघडली नाही. उलट दोघांचे पट्टे तुटले, एकाची रिंग गेली, आणि तिघांनाही माझ्या 'एकाले दोन'मधून सामान मिळालं. काम नीट झालं. नोकरी पुढे मिळाली.

मी परत आले तेव्हा काका बिछान्याला लागले होते. ओसरी सोडून आतल्या खोलीत, भिंतीला तीन उशा लावून बसलेले. बोलणं आता तीन शब्दांवरून दोनावर आलं होतं. पुढे तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात ते गेले. पण मी परत आले ती दुपार मला त्यांच्या मरणापेक्षा जास्त आठवते.

त्यांनी एकेक वस्तूची चौकशी केली, धोतरावर मांडली होती त्याच क्रमानं. मास्क? चांगला. पंख? चांगले. फुगा? चांगला. गाडीत मी ठरवून आले होते की सुटाबद्दल खोटं बोलायचं. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसे यंत्र सुरू करून त्याचा आवाज ऐकतात तसे, की माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"सूट?"

"सूट वाया गेला, काका. तुम्ही दाबला तिथे मेला. मला लय थंडी वाजली."

काकू दारातून म्हणाल्या, "अवं माय!" काका हसायला लागले. हसता हसता ढास लागली, पाठ चोळावी लागली, तरी हसू थांबेना. "साहेबांले उभं," ते म्हणाले, "फळीवर उभं," आणि परत हसू. मीही हसले. डोळे पुसून झाल्यावर मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"खाली," श्वास, "दम लागला?"

"नाही काका. एकदाही नाही."

"खरं?"

"खरं."

आत्ताच सुटाचं खरं ऐकलेलं होतं, म्हणून त्यांनी हेही खरं मानलं. माझ्या मनगटावरचा हात सैल पडला. मागची एक उशी त्यांनी स्वतः काढून बाजूला सारली, जरा खाली सरकले आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. काकू कुजबुजत्या आवाजात सांगू लागल्या, "तू गेलतीस ना, तवापासून हे असेच बसून. झोपा म्हटलं की म्हणे, पोट्टी पाण्यात हाये." मग त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हटलं. कपबशीचा आवाज झाला असता.